प्रसूतिवेदना, उपशम आणि स्त्रीचा निर्णय : एक ऐतिहासिक आढावा

गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले पुणतांबा हे गाव योगी चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये येथील मंदिरांची आणि घाटांची नोंद आहे. त्यांतील एक घाट पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी बांधविला. दौंड-मनमाड लोहमार्गामुळे गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध जडला. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे तर पुणतांब्याचे नाव देशभर पोहोचले. मंदिरे, घाट, रेल्वे, आंदोलन या साऱ्यांचा इतिहास लिहिला गेला. परंतु प्रत्येक घरातील एका खोलीचा इतिहास मात्र कोणीही लिहून ठेवला नाही. ती खोली म्हणजे बाळंतिणीची खोली.

गावातील प्रत्येक पिढी त्या खोलीतून आली. तेथे स्त्रीने काय सोसले, तिच्या वेदना हलक्या करण्यासाठी कोणते उपाय झाले आणि ते करावेत की न करावेत हे कोणी ठरविले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत फारसे आले नाहीत. प्रस्तुत लेखात या विषयाचा प्राचीन काळापासून आजपर्यंतचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बाळंतिणीची खोली

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा जुनी आहे. मुलीला सातव्या महिन्यानंतर माहेरी आणावे, घरातील एक अंधारी, वारा न लागणारी खोली सारवून तयार ठेवावी, गावच्या सुईणीला निरोप धाडावा, ही सर्वसाधारण रीत होती. मारवाडी-ओसवाल जैन घरांत याच काळाला ‘जापा’ म्हणतात. जाप्यातील सुंठ, अजवाइन व गोंदाचे लाडू, शेक-शेगडी, मालीश आणि सूतकाचे दिवस यांचे नियम सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे मुखपरंपरेने येत राहिले.

हे नियम प्रामुख्याने प्रसूतीनंतरच्या काळजीचे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्यक्ष कळांच्या वेळी स्त्रीजवळ असे ती सुईण, आई वा आत्या-मावशी, कोमट तेलाचा हात आणि धीराचे शब्द. ही मदत लहान नव्हती. परंतु प्रसूती अडली की तिच्या मर्यादा उघड होत. शिवाय ओरडणे हे अशोभनीय आणि निमूट सोसणे हे कुलशीलाचे लक्षण, अशी समजूत सर्वच समाजांत रूढ होती. वेदनेचे काय करावे, हा प्रश्न वेदना सोसणारीला विचारण्याची पद्धत नव्हती. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया व अखेरच्या प्रसंगी पुरुषमंडळी निर्णय घेत.

प्राचीन ग्रंथांतील दृष्टी

वेदना निमूट सोसावी, असा आग्रह आपल्या प्राचीन वैद्यकाने धरलेला दिसत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराचे सविस्तर वर्णन आहे. प्रसूतिसमयी स्त्रीभोवती अनेक वेळा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कार्यकुशल व क्लेश सहन करणाऱ्या स्त्रिया असाव्यात आणि त्यांनी तिला गोड शब्दांनी धीर द्यावा, असे तेथे सांगितले आहे. कंबर, कुशी, पाठ व मांड्या यांना कोमट तेल लावून हलके चोळावे, विशिष्ट औषधींचे चूर्ण हुंगावयास द्यावे, कळ नसताना जोर करू नये, असे उपायही त्यात येतात.

याच अध्यायात एक उद्बोधक वाद आहे. कळा सुरू झालेल्या स्त्रीने मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावे, म्हणजे प्रसूती लवकर होते, असे काहींचे मत होते. भगवान आत्रेयांनी ते नाकारले. गर्भिणीला कठोर श्रम नेहमीच वर्ज्य असतात आणि प्रसूतिकाळी तर तिच्या शरीरातील धातू व दोष विचलित झालेले असतात, अशा वेळी मुसळाच्या श्रमाने तिच्या प्राणावर बेतू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याऐवजी जांभया देणे व फिरणे त्यांनी मान्य केले. केवळ रूढ आहे म्हणून एखादा उपाय स्त्रीवर लादू नये, तो तिच्या हिताच्या कसोटीवर तपासावा, हा विवेक या वादात स्पष्ट दिसतो.

कल्पसूत्रातील एक प्रसंग

जैन वाचकांना या संदर्भात कल्पसूत्रातील प्रसंग सहज आठवेल. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीर माता त्रिशलेच्या गर्भात असताना आपल्या हालचालींमुळे मातेला पीडा होऊ नये, या अनुकंपेने ते निश्चल झाले. परंतु गर्भाची हालचाल थांबल्याचे जाणवताच माता शोकाकुल झाली. राजभवनातील गीत-वाद्य बंद पडले. मातेच्या मनातील हा भाव अवधिज्ञानाने जाणून प्रभूंनी आपल्या शरीराचा किंचित भाग हलविला आणि माता हर्षित झाली. मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प त्यांनी त्याच वेळी केला, असे ग्रंथ सांगतो.

पर्युषणात हा प्रसंग मातृभक्तीचा आदर्श म्हणून ऐकला जातो आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक बोध घेता येतो. मातेची पीडा दूर व्हावी ही इच्छा मंगल होती, तरीही मातेला समाधान लाभले ते तिचे मन जाणून घेतल्यानंतरच. वेदनेच्या उपशमाचा पुढील सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो. उपाय पुष्कळ निघाले. मातेचे मन विचारण्यास मात्र फार उशीर झाला.

भूल आणि वादळ

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, जानेवारी १८४७ मध्ये, एडिंबरा येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी ईथर वापरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. प्रसववेदना हा स्त्रीला मिळालेला ईश्वरी दंड आहे, तो टाळणे पाप आहे, असा आक्षेप बायबलाच्या आधारे घेण्यात आला. सिम्प्सन यांनी त्याच ग्रंथाच्या आधारे त्याला उत्तर दिले. काही डॉक्टरांचा विरोध मात्र निराळ्या कारणासाठी होता. निरोगी प्रसूतीत भूल देणे धोक्याचे आहे, असे ते म्हणत. त्या काळी क्लोरोफॉर्ममुळे मृत्यू होत असल्याने ही शंका निराधार नव्हती.

७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्ड यांच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला. डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर थोडाथोडा क्लोरोफॉर्म टाकून ५३ मिनिटे तो दिला. राणीने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि १८५७ मध्ये राजकन्या बिआट्रिस यांच्या जन्माच्या वेळी पुन्हा त्याचा स्वीकार केला. विरोधाचा जोर ओसरण्यास या घटनेची मदत झाली. येथे एक स्त्री स्वतः निर्णय घेऊ शकली, कारण ती साम्राज्ञी होती. सामान्य स्त्रीला असा अधिकार नव्हता.

भारतात भुलीची औषधे लवकरच पोहोचली. कोलकात्यात १८४७ मध्ये ईथर आणि १८४८ मध्ये क्लोरोफॉर्म वापरला गेला. गोदावरी पुढे ज्या निजाम राज्यात शिरत असे, तेथील हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करण्यासाठी १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग नेमले गेले. त्याच नगरीतील डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांचा उल्लेख जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक म्हणून केला जातो. औषध आले, तज्ज्ञही निर्माण झाले. परंतु खेड्यातील बाळंतिणीच्या खोलीपर्यंत यांपैकी काहीच पोहोचले नाही. येथे अडसर धर्मग्रंथाचा नव्हता. डॉक्टर पुरुष असे, त्याच्यासमोर जाण्यास स्त्री संकोचत असे आणि रुग्णालय दूर असे.

स्त्रीवैद्यांचे आगमन

हा अडसर दूर करण्याचा ध्यास एका मराठी स्त्रीने घेतला. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) चौदा वर्षांच्या असताना त्यांना पुत्र झाला आणि तो दहा दिवसांत दगावला. या दुःखातून वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय दृढ झाला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पाश्चात्त्य विद्या शिकत असतानाही आपल्या प्राचीन ग्रंथांनी गर्भिणीची काळजी कशी सांगितली आहे, हे त्यांनी जगापुढे मांडले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रुग्णसेवेची संधी नियतीने त्यांना दिली नाही.

मुंबईत १८८६ मध्ये स्त्रिया व बालकांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. एडिथ पेची यांनी तेथे स्त्रीवैद्यांची परंपरा रुजविली. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरिन निधीमुळे ठिकठिकाणी स्त्री-रुग्णालये उभी राहिली, तर १९०३ पासून व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीतून सुईणींना प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न झाला. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ज्युलिया बिसेल यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय सेवा सुरू केली. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाच्या माध्यमातून रमाबाई रानडे यांनी मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचारिका व सुईणीच्या शिक्षणाकडे वळविले. बाळंतिणीजवळ शिक्षित स्त्री असावी, ही अपेक्षा येथून समाजात रुजू लागली.

विसाव्या शतकातील दोन टोके

पाश्चात्त्य देशांत या काळात वेदनेसंबंधी दोन टोकाचे विचार प्रबळ झाले. १९०६ च्या सुमारास जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन व स्कोपोलामिन यांच्या मिश्रणाची पद्धत पुढे आली. तिला ‘संधिप्रकाश-निद्रा’ अशा अर्थाचे नाव होते. १९१४ मध्ये अमेरिकेतील सुशिक्षित स्त्रियांनी हा उपचार मिळावा म्हणून चळवळ केली. प्रत्यक्षात या औषधाने वेदना पूर्णपणे थांबत नसत, केवळ त्यांची स्मृती पुसली जाई. ग्लानीतील स्त्री इजा करून घेईल म्हणून तिला बांधून ठेवावे लागे आणि बाळाचा श्वास मंदावण्याची भीती असे.

याची प्रतिक्रिया म्हणून दुसरा विचार आला. इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ पासून असे मांडले की, भीतीमुळे शरीर ताठरते व त्यामुळे वेदना वाढतात. म्हणून योग्य माहिती, श्वसन व विश्रांती यांचे शिक्षण द्यावे. फ्रान्समध्ये डॉ. लामाझ यांनी १९५० च्या दशकात अशाच पद्धतीचा प्रसार केला. अनेक स्त्रियांना तिचा लाभ झाला. परंतु पुढे पुढे औषध मागणारी स्त्री दुबळी ठरविली जाऊ लागली आणि निमूट सोसण्याची जुनी सक्ती नव्या वेषात परत आली. एका टोकाला स्त्रीची शुद्ध हरपली, तर दुसऱ्या टोकाला तिच्या तक्रारीला स्थान उरले नाही.

या दोहोंमधून हळूहळू मध्यममार्ग निघाला. १९३३ मध्ये डॉ. मिनिट यांनी वायू व हवा यांचे मिश्रण स्त्रीने स्वतःच्या हाताने हुंगण्याचे यंत्र तयार केले आणि १९३६ पासून ब्रिटनमध्ये प्रशिक्षित सुईणींना ते वापरण्याची परवानगी मिळाली. १९३९ मध्ये पेथिडिन हे इंजेक्शन आले. त्यानंतर पाठीच्या कण्यालगत बारीक नळी बसवून कमरेखालील वेदना कमी करणारी एपिड्युरल पद्धत विकसित झाली. तिच्यात स्त्री पूर्ण शुद्धीवर असते आणि बाळाचा पहिला टाहो स्वतः ऐकू शकते.

या पद्धतीविषयी आपल्याकडे अनेक समज आहेत. कमरेत सुई घेतली की जन्मभराची कंबरदुखी लागते, किंवा हमखास सिझेरियन करावे लागते, असे म्हटले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात या दोन्ही समजांना आधार मिळाला नाही. याचा अर्थ ही पद्धत दोषरहित आहे, असा नव्हे. रक्तदाब उतरणे, ताप, काही वेळ पाय जड होणे, जोर देण्याचा काळ लांबणे, क्वचित तीव्र डोकेदुखी हे त्रास होऊ शकतात. शिवाय तिच्यासाठी भूलतज्ज्ञ आणि सतत देखरेख लागते. त्यामुळे प्रत्येक स्त्रीला ती योग्य ठरेल किंवा प्रत्येक रुग्णालयात मिळेल, असे नाही.

आपला जिल्हा : सोय वाढली, प्रश्न बदलला

स्वातंत्र्योत्तर काळात आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे चित्र पालटले. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या परिसरात लोणी येथे १९७६ मध्ये ग्रामीण रुग्णालय आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुणतांबा पंचक्रोशीतील स्त्रियांना तज्ज्ञांची सेवा जवळ आली. नगर शहरात आचार्यसम्राट आनंदऋषीजी (१९००–१९९२) यांच्या नावाने उभे राहिलेले रुग्णालय हे समाजाच्या औषधदानाच्या परंपरेचे प्रतीक ठरले.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेले कार्य जगभर गौरविले गेले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावातीलच स्त्रियांना, ज्यांपैकी अनेक जणी निरक्षर व उपेक्षित समाजातील होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या सेविका गर्भवतीची तपासणी करीत, धोक्याची लक्षणे ओळखीत आणि प्रसूतीच्या वेळी सोबत करीत. चरकाने वर्णिलेली धीर देणारी कुशल स्त्री येथे आधुनिक ज्ञानासह पुन्हा बाळंतिणीजवळ येऊन बसली, असे म्हणता येईल.

पुढे २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ९४.७ टक्के झाले. मातांचे व बालकांचे प्राण वाचण्याच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे. मात्र बाळंतिणीची खोली घरातून रुग्णालयात गेली तेव्हा घरच्या स्त्रियांची सोबत अनेक ठिकाणी दाराबाहेर राहिली. धीराच्या शब्दाची जागा कित्येकदा दरडावणीने घेतली आणि वेदनाशमनाची चर्चा क्वचितच झाली.

याच पाहणीत २०१९-२१ मध्ये राज्यातील सुमारे चारपैकी एक प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. त्यांतील अनेक शस्त्रक्रिया आवश्यक व प्राणरक्षक असतात. परंतु ‘कळा सोसवणार नाहीत’ या भीतीने शस्त्रक्रिया मागितली जाते, तेव्हा विचार करावा लागतो. असह्य वेदना किंवा पोटावर शस्त्रक्रिया, असे दोनच मार्ग त्या मुलीला माहीत असतात. मधले मार्ग तिला कोणी सांगितलेलेच नसतात. जिथे माहिती नाही, तिथे निवड म्हणजे केवळ भीतीचा कौल ठरतो.

कर्म, करुणा आणि संमती

वेदना हे पूर्वकर्माचे फळ आहे, ते भोगलेच पाहिजे, असा विचार कधीकधी ऐकू येतो. असातावेदनीय कर्माच्या उदयाने दुःख येते, हे जैन सिद्धांत सांगतो. पण म्हणून दुसऱ्याचे दुःख दूर करू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तसा तो निघता, तर आहार, औषध, ज्ञान व अभय या चार दानांत औषधदानाला स्थानच उरले नसते. समताभावाने सहन करणे ही साधना आहे. साधना स्वेच्छेने स्वीकारावयाची असते. दुसऱ्यावर लादलेले सहन करणे हे तप ठरत नाही. औषधाविना प्रसूत होण्याचा निश्चय करणारी स्त्री आणि उपशम मागणारी स्त्री, दोघीही सारख्याच आदरास पात्र आहेत.

कायद्याची दिशाही हीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात असे स्पष्ट केले की, सज्ञान व सक्षम रुग्ण स्त्रीवरील उपचारासाठी तिची स्वतःची संमती आवश्यक आहे. त्या प्रकरणात रुग्ण भुलीच्या अमलाखाली असताना तिच्या आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्रीच्या इच्छेनुसार एपिड्युरल, वेदनाशामक इंजेक्शने, मालीश, गरम शेक व श्वसन-विश्रांती या सर्व पर्यायांना मान्यता दिली आणि तिच्या पसंतीची सोबतीण जवळ असावी, असे सांगितले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीस अनुमती देण्याची सूचना केली होती. १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या २६ चाचण्यांच्या अभ्यासात असे दिसले की, अखंड सोबतीमुळे प्रसूतीचा काळ कमी होतो, सिझेरियनचे प्रमाण घटते आणि औषधाची गरजही कमी भासते.

समारोप

या दीर्घ इतिहासातून कुटुंबांनी घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. लेक-सुनेच्या सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारावे की, येथे वेदनाशमनाचे कोणते उपाय मिळतात, त्यांचे लाभ-दोष काय आहेत, भूलतज्ज्ञ केव्हा उपलब्ध असतात आणि सोबतीस कोणाला थांबता येईल. ही चर्चा तिच्या समक्ष व्हावी आणि तिने प्रश्न विचारावेत. ऐन कळांच्या वेळी तिचे मत बदलले, तर तोही तिचा अधिकार मानावा. आई व सासू यांचा अनुभव मोलाचा आहे. त्याचे स्थान तिला धीर देण्यात आहे, तिच्या वतीने ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणण्यात नाही.

सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी समाज आपल्या पूर्वजांचे पुण्यस्मरण करतो. त्या पूर्वजांमध्ये बाळंतिणीच्या खोलीत निमूटपणे सोसणाऱ्या आणि कधी तेथेच प्राण वेचणाऱ्या अनेक माता आहेत. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. पुढील पिढीच्या प्रत्येक मातेला तिच्या कठीण घटकेला कोणीतरी जवळ बसून “तुला काय हवे आहे?” असे विचारावे आणि तिचे उत्तर ऐकावे. त्या अनाम मातांना हीच खरी आदरांजली ठरेल आणि चार दानांत ज्या अभयदानाचा गौरव केला जातो, त्याचा आरंभही घरातूनच होईल.